मदत हवी आहे: शून्य टाकलं तरी लूप थांबत नाही

बागेतला_पोरगा: पेट्या उद्या सकाळी वाशीला जायच्यात आणि हा प्रोग्रॅम ऐकत नाही. आंब्याचं वजन टाकलं की मोठा, मध्यम, छोटा सांगतो. शून्य टाकलं की वजन परत परत विचारणारा लूप थांबायला हवा. थांबतच नाही, शून्याला 'छोटा' म्हणून पुढचं वजन मागतो! ३०० ग्रॅमचं फळही मध्यमच. लवकर सांगा, लाइट कधीही जाईल.

माडाखाली: भाषा खंयची? कोड खंय आसा? की देवाक कौल लावून विचारू?

बागेतला_पोरगा: पायथनच, दुसरं काय. मोबाइलवरून लिहितोय, चालवून घ्या.
वजन = १
व्हाइल वजन != ०:
वजन = इनपुट()
इफ इंट(वजन) >= १५०: मध्यम
एलिफ इंट(वजन) >= २५०: मोठा
एल्स: छोटा

गुहागरी: एक्सेल घे. मी सुपारीचा सगळा हिशेब त्यातच करतो.

माडाखाली: त्याने एक्सेल विचारलान काय?

जुना_काका: लूप बरोबर आहे. आत्ताच चालवला, माझ्याकडे शून्याला थांबतो. याच्या कीबोर्डात वाळू गेली असेल.

खाडीपलीकडे: काका, तुमचं पायथन कितवं?

जुना_काका: २.७. चालतंय ते कशाला बदलू?

खाडीपलीकडे: तिथेच मेख आहे. पायथन २ मध्ये इनपुट(), म्हणजे टाइप केलेलं वाचणारं, ० ला आकडाच समजायचं. ३ मध्ये ते नेहमी मजकूर देतं. '०' हा मजकूर आणि ० हा आकडा सारखे नाहीत, म्हणून 'वजन शून्य नाही' ही अट कायम खरी. पोरा, मजकुराचा आकडा करणारं इंट इफमध्ये लावलंस, व्हाइलमध्ये विसरलास. वजन = इंट(इनपुट()) कर. आणि काका, २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० लाच संपला.

जुना_काका: माझा पाठिंबा आहे ना.

खाडीपलीकडे: दुसरं, अटी वरून खाली तपासतात. ३०० हे १५० पेक्षा जास्तच, त्यामुळे पहिल्याच थांब्यावर उतरलं. २५० ची अट वर घे.

सोलकढी_एक_वाटी: पेटी चार डझनाची का पाचाची? पुण्याला पाठवाल?

बागेतला_पोरगा: थांबला! पण जाताजाता एकदा 'छोटा' म्हणतोच.

खाडीपलीकडे: व्हाइल फेरी सुरू होतानाच अट बघतो, मधे नाही. इनपुटच्या लगेच खाली: इफ वजन == ०: ब्रेक. म्हणजे लूप तिथेच सुटतो.

बागेतला_पोरगा: झालं. ताई, पाच डझनाची. पण पुण्याचं बाबांना विचारा, ते आता पेंढा भरतायत.