मदत हवी आहे: प्योत्रकुफ आणि लुब्लिन कोणी पाहिलंय का?

नमस्कार मंडळी. लेकीकडे पोलंडला, वूचला आलोय. तिथून जवळच प्योत्रकुफ त्रिबुनाल्स्की आहे. तीस वर्षं वकिली केल्यावर, ज्या गावाच्या नावातच न्यायालय आहे ते न बघता परतणं जिवावर येतंय.

पूर्वी अपिलं थेट राजापुढे जायची. १५७८ मध्ये स्तेफान बाथोरी राजाने तो अधिकार सोडला आणि वेगळं न्यायालय आलं. त्याचे न्यायाधीश राजा नेमत नसे, सरदार आणि धर्मगुरू आपल्यातून निवडून देत. त्या काळात हे केवढं मोठं! वर्षातला काही काळ ते प्योत्रकुफला बसे, काही काळ लुब्लिनला.

प्योत्रकुफच्या ज्या टाउन हॉलमध्ये कामकाज चाले तो पुढे पाडला गेला. चौकात त्याची नेमकी जागा कशी ओळखायची? राजवाड्यातल्या संग्रहालयात इंग्रजी पाट्या आहेत का? पोलिश मला अजिबात येत नाही.

लुब्लिनच्या किल्ल्यात हाताचा जळका ठसा असलेलं टेबल आहे. विधवेवर अन्याय झाला म्हणून सैतानांनी रात्री येऊन खरा निकाल दिला, अशी दंतकथा. तेही बघायचंच आहे. प्योत्रकुफहून लुब्लिनला रेल्वे सोयीची की बस? गुडघे दुखतात, गाडी बदलावी लागली तर जिने किती, तेही कृपया सांगा.