जुन्या गाळ्यातील ॲस्बेस्टॉसचा गिलावा कोणाकडून काढून घ्यावा? (ठाणे) : सल्ला हवा

वागळे_गाळा :
नमस्कार. वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी घेतलेला आमचा एक गाळा आहे. इमारत सत्तरच्या दशकातील असून आमच्या आधीच्या मालकांचा तेथे कापड रंगवण्याचा धंदा होता. मागच्या खोलीतील बॉयलर केव्हाच भंगारात गेला, पण वाफेचे नळ भिंतीवर आणि छताखाली अजून तसेच आहेत. नळांवर जाड लेप, त्यावर कापडी पट्टी आणि वरून घोटलेला पांढरा गिलावा आहे. त्या खोलीच्या छतालाही खरबरीत करडा थर दिलेला आहे. खोलीचे गोदाम करण्यासाठी मिस्त्रीला बोलावले. त्याने नळाच्या एका कोपऱ्यावर छिन्नी मारताच आतून पिंजलेल्या कापसासारखे तंतू बाहेर आले. हे ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असावे अशी शंका आल्याने काम तेथेच थांबवले आहे आणि खोलीला कुलूप आहे. तपासणी कोण करते, काढण्याचे काम कोणाला द्यावे आणि निघालेला माल कोठे पाठवावा, याची माहिती असणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. इंटरनेटवर "ॲस्बेस्टॉस काढून मिळेल" अशा जाहिराती दिसतात, पण फोन केल्यावर बहुतेक जण प्रति चौरस फूट दर सांगतात आणि त्यापलीकडे एकही प्रश्न विचारत नाहीत.

सुरक्षा_निवृत्त :
काम थांबवलेत हे उत्तम केलेत. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे असे नळ पुष्कळ पाहिले आहेत. प्रश्न न विचारता दर सांगणाऱ्याला काम देऊ नये, कारण दर ठरण्यापूर्वी निदान तीन गोष्टी कळाव्या लागतात : माल कोणता आहे, तो किती भुसभुशीत आहे आणि खोलीतील हवा शेजारी जाते का.

खाली जे पडले असेल ते कोरड्या झाडूने अजिबात झाडू नये आणि घरगुती व्हॅक्यूमही लावू नये. त्याच्या गाळणीतून बारीक तंतू पार होऊन खोलीभर पसरतात. पंखा आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे, दाराच्या फटीला चिकटपट्टी लावावी. तुटलेल्या कोपऱ्यावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून वर प्लास्टिक गुंडाळावे. हे काम योग्य मास्क घातलेल्या एकाच माणसाने करावे. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा निळा मास्क येथे निरुपयोगी आहे. पी१०० (अतिबारीक कण अडवणाऱ्या) गाळणीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.

तपासणीविषयी सांगायचे तर शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याचा विभाग आहे. चौकशीची सुरुवात तेथून करावी. खाजगी प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे एवढे पाहून भागत नाही. मान्यतेच्या व्याप्तीत घन नमुन्यातील ॲस्बेस्टॉसची तपासणी लिहिलेली आहे का, ते स्वतः वाचावे. पाण्याच्या तपासणीसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळाही जाहिरातीत ते बोधचिन्ह मिरवते.

कोपरीकर :
मतभेदाबद्दल क्षमस्व, पण एवढा बाऊ करण्याची खरोखर गरज आहे का? आम्ही चाळीत सिमेंटच्या पत्र्याखाली लहानाचे मोठे झालो, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यांवर चढून डांबर लावले, आणि आमच्या घरात कोणालाही काही झालेले नाही. अर्ध्या महाराष्ट्राच्या डोक्यावर तेच पत्रे आहेत. चार बिगारी लावून, पाणी मारून, एका रविवारात हे काम उरकता येईल.

सुरक्षा_निवृत्त :
कोपरीकर साहेब, पत्रा आणि हा लेप यांत मोठा फरक आहे. पत्र्यात तंतूंचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ते सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. पत्रा अखंड आहे, त्यावर ग्राइंडर चालवलेला नाही, तोवर त्यातून फारसे काही सुटत नाही. वाफेच्या नळावरचा लेप उष्णता अडवण्यासाठी मुद्दाम सैल आणि सच्छिद्र केलेला असतो. त्यातील तंतूंचे प्रमाण कितीतरी जास्त असू शकते आणि तो बोटाने चुरडता येतो. जे बोटाने चुरडते ते हवेत जाते, आणि त्यातले सर्वांत बारीक तंतू हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

कोणाला काही झालेले नाही, या युक्तिवादाचा उपयोग होत नाही, कारण मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होऊ शकतो. तोवर तो बिगारी दहा कंत्राटदार बदलून गावी परतलेला असतो आणि कोणत्या रविवारी काय श्वासात गेले याची नोंद कोठेही नसते. पांढरा, तपकिरी आणि निळा, या सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे आणखी वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला, तो याच विलंबामुळे.

सूक्ष्मदर्शी :
मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून फक्त नमुन्यापुरते लिहिते. डोळ्यांनी पाहून किंवा रंगावरून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. जुन्या गिलाव्यात ताग किंवा जनावराचे केस घालत असत, तेही तंतूसारखेच दिसतात. काडी लावून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. काचेचे तंतूही जळत नाहीत, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही आणि धूळ मात्र उडते.

नळावरचा लेप आणि छताचा थर हे दोन वेगळे माल समजून प्रत्येकाचे किमान तीन नमुने वेगवेगळ्या जागांवरून घ्यावेत. अमेरिकेत हजार चौरस फुटांपर्यंतच्या थरासाठी हाच दंडक आहे. जागा आधी ओली करून, थराच्या पृष्ठभागापासून थेट नळापर्यंत किंवा स्लॅबपर्यंत थराच्या पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागतो, कारण पुष्कळदा वरचा गिलावा साधा असतो आणि तंतू आतल्या थरात असतात. भोक लगेच बुजवावे. अहवालात ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने तपासणी केल्याचा उल्लेख, प्रत्येक थराचा निष्कर्ष स्वतंत्र आणि तंतूचा प्रकार नावानिशी असायला हवा. नुसते "आढळले" किंवा "आढळले नाही" असे लिहिलेला एका ओळीचा अहवाल स्वीकारू नये.

वागळे_गाळा :
सर्वांचे आभार. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुने घेऊन गेला आणि आता अहवाल हाती आहे. नळावरील आतल्या लेपात क्रायसोटाइल (पांढरा ॲस्बेस्टॉस) आणि अमोसाइट (तपकिरी) दोन्ही आढळले. वरचा घोटलेला गिलावाही क्रायसोटाइलयुक्त आहे. छताच्या करड्या थराच्या तिन्ही नमुन्यांत मात्र ॲस्बेस्टॉस नाही. याचा अर्थ काम बरेच कमी झाले, असे समजावे का? एका कंत्राटदाराने नळांवरचा सगळा लेप खरवडून "नळ स्वच्छ करून" देण्याचा प्रस्ताव दिला आहे, म्हणजे लोखंड भंगारात विकता येईल.

नेरूळ_आर्किटेक्ट :
काम निश्चितच कमी झाले. परंतु हा प्रस्ताव नाकारावा. तुम्हाला नळ वापरायचे नसताना लेप खरवडायचा कशासाठी? सर्वाधिक धूळ खरवडण्यानेच होते. नळ लेपासकट जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, सोयीच्या लांबीचे तुकडे करून, तसेच्या तसे बाहेर काढणे ही याहून कितीतरी सुरक्षित पद्धत आहे. जेथे कापायचे तेवढ्याच वीतभर जागेवरचा लेप हातमोजे जोडलेल्या सीलबंद पिशवीत काढतात : पिशवी नळाभोवती बांधायची, बाहेरून आत हात घालून लेप ओला करून सोडवायचा, पिशवीतील हवा विशेष गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढून घ्यायची आणि पिशवी पिळून बांधून उतरवायची. मग उघड्या लोखंडावर करवत चालवायची, गॅसकटर नव्हे. भंगाराचे थोडे पैसे बुडतील आणि वजन वाढल्याने विल्हेवाटीचा खर्चही वाढेल, तरीही माझे मत बदलणार नाही. भंगारवाल्याच्या वखारीत हाच लेप एखादा मुलगा उघड्या हाताने हातोडीने पाडेल, हे आपल्याला ठाऊक असते.

खोली स्वतंत्र बंदिस्त करावी लागेलच. दारे, खिडक्या आणि नळ जेथून शेजारच्या गाळ्यात जातात ती भोके प्लास्टिकने बंद करून आत ऋण दाब ठेवतात, म्हणजे हवा बाहेरून आत येते आणि फक्त हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, गाळणीतूनच बाहेर जाते. कामगारांना कपडे उतरवण्यासाठी, अंघोळीसाठी आणि स्वच्छ कपड्यांसाठी ओळीने तीन कप्पे हवेत. एक गोष्ट आपल्या हवामानाची : जुन्या डिस्टेंपरवर आणि ओल धरलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, सकाळी लावलेला पडदा दुपारी लोंबू लागतो. म्हणून पडद्यांना लाकडी पट्ट्यांची चौकट मारून घ्यावी आणि हे काम शक्यतो पावसाळा सरल्यावर काढावे. तोवर लेप गुंडाळून ठेवलेला असला तर घाई नाही.

आता कोणाला द्यावे. ब्रिटनमध्ये अशा लेपाच्या कामाला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे तसा परवाना नाही, त्यामुळे "प्रमाणित ॲस्बेस्टॉस कंत्राटदार" या शब्दांना स्वतःचे वजन नाही. मोठ्या कारखान्यांच्या, रिफायनरींच्या आणि जहाजांच्या उष्णतारोधक लेपाची कामे करणाऱ्या मोजक्या संस्था आहेत, त्यांच्याकडूनच दर मागवावेत. त्यांना आधीच्या एखाद्या कामाचा पद्धत-आराखडा, हवेच्या चाचण्यांचे अहवाल आणि माल घातक कचऱ्याच्या ज्या सुविधेत गेला तेथील पावती दाखवायला सांगा. पहिले दोन कागद कोणीही छापून आणतो. तिसरा दाखवता आला नाही तर बोलणे तेथेच संपवावे.

कोपरीकर :
पत्रा आणि लेप यांतला फरक पटला. पण माल जातो कोठे? पालिकेची डेब्रिजची गाडी तर सगळेच उचलते.

नेरूळ_आर्किटेक्ट :
त्या गाडीत हा माल जाता कामा नये. आपल्या भागात घातक कचऱ्याच्या दोन सामायिक सुविधा आहेत : महापे येथील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) वेस्ट मॅनेजमेंट असोसिएशनची आणि तळोजा येथील मुंबई वेस्ट मॅनेजमेंटची. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, मात्र ती उत्पादनाच्या प्रक्रियेखाली आहे. म्हणून इमारतीतून निघालेल्या मालाबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे कार्यालयाला अहवाल जोडून पत्र द्यावे आणि उत्तर लेखी घ्यावे. काम सुरू होण्यापूर्वी सुविधेने माल घेण्यास होकार दिलेला असावा, नाहीतर सीलबंद पिशव्या तुमच्याच गाळ्यात पडून राहतात. वाहतुकीसोबत नमुना 10 चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा नोंदपत्रक, असते, त्याची तुमची प्रत जपून ठेवा. भारतीय मानक 11768 हे ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयीच आहे. कंत्राटात त्याचा क्रमांक घालावा.

वागळे_गाळा :
शेवटचा प्रश्न. काम झाल्यावर खोली वापरण्यायोग्य झाली हे कोण ठरवणार? कंत्राटदार म्हणतो, तोच प्रमाणपत्र देईल.

सूक्ष्मदर्शी :
त्याने देऊ नये. हवेची चाचणी करणारी प्रयोगशाळा तुम्ही स्वतंत्रपणे नेमा आणि तिचे पैसे तुम्हीच थेट द्या. क्रम असा असतो : प्लास्टिकचे पडदे उभे असतानाच आधी टॉर्च आडवा धरून नळाच्या कड्या, खिडकीची चौकट आणि कोपरे यांवर धूळ किंवा लेपाचा कण उरला आहे का ते पाहायचे, कोठे काही दिसले तर हवेची चाचणी न घेता पुन्हा सफाई करायला लावायची. खोली कोरडी झाल्यावर, पृष्ठभाग मुद्दाम हलवून, पंपाने हवा गाळणीवर ओढतात आणि तंतू मोजतात. ब्रिटनमध्ये दर मिलिलिटर हवेत 0.01 तंतूंपेक्षा कमी हा निकष आहे. तुमच्या कंत्राटात तोच आकडा लिहा आणि शेवटचा हप्ता या अहवालाशी बांधा. पडदे उतरवल्यानंतर आणखी एकदा नजर फिरवावी, विशेषतः नळ ज्या भोकांतून शेजारी जात होते तेथे. त्या भिंतीपलीकडच्या गाळ्यातही तोच नळ लेपासकट असणार, तेव्हा त्यांना हा अहवाल काम सुरू होण्यापूर्वीच दाखवा. दोन्हीकडचे नळ एकाच वेळी निघाले तर बंदिस्तीचा आणि चाचणीचा खर्च वाटून घेता येईल.

वागळे_गाळा :
शेजारच्या गाळ्याचे मालक तयार आहेत. त्यांच्या बाजूचे नमुने या आठवड्यात घेतले जातील. मंडळाला पत्र आजच दिले आहे. दर मागवताना नेरूळ_आर्किटेक्ट यांनी सांगितलेले तीन कागद मागितले, तेव्हा पहिल्या यादीतील बहुतेकांनी पुन्हा फोन केला नाही. उरलेल्यांची नावे व्यक्तिगत संदेशाने पाठवतो. कोणाला त्यांच्या कामाचा अनुभव असल्यास कृपया कळवावे.