बजीच्या जोडीला मडकं लावू की नको?

अमळनेरवाला
नमस्कार मंडळी. पोरीच्या हट्टापायी दिवाळीत बजीची, म्हणजे त्या छोट्या रंगीत पोपटांची, जोडी आणली. नर निळा, मादी पिवळी. हल्ली नर तिला सारखा भरवतो, मान वरखाली करतो आणि ती पिंजऱ्याचा कोपरा कुरतडत बसते. दुकानदार म्हणतो, मडकं टांगा, पिल्लं झालीच समजा. पोरीने नावंसुद्धा ठरवली. घरच्यांचं म्हणणं, आहेत ती दोन पुरे. वर पत्रे आहेत आणि उन्हाळा तोंडावर आलाय. काय करू? मादीच्या चोचीवरचं नाक फिकट पांढरट-निळसर आहे, त्याचा काही अर्थ असतो का?

चोपड्याचे अप्पा
असतो भाऊ, त्या नाकातच निम्मं उत्तर आहे. मादी अंड्यावर यायची झाली की तिथे तपकिरी, खरबरीत पापुद्रा धरतो. तुमची अजून तयार नाही. वर्षाच्या आतली असेल तर नादच सोडा. कोवळ्या मादीचं अंडं अडकतं. मग ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी वरखाली हलत राहते, आणि दिवसभरात खेळ आटोपू शकतो. आपल्याकडच्या दवाखान्यात गाई-म्हशी, बकऱ्या बघतात. एवढ्याशा पाखराला हात लावणारा डॉक्टर शोधेपर्यंत ती उरत नाही.

दुसरं, पत्रे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. मादी अंड्यांवर साधारण १८ दिवस बसते. त्या मडक्यात तिची भट्टी करायची का? हौस असेलच तर दसऱ्यानंतर बघा.

आणि पिल्लं देणार कुणाला? एका वेळी चार ते सहा अंडी, एक दिवसाआड एक. पिल्लं महिना-सव्वा महिन्यात मडक्याबाहेर येतात, तोवर मादी पुन्हा अंड्यावर. मडकं काढलं नाही तर अंडी घालून घालून खंगते. वर्षातून दोनदा, त्यापुढे नाही. शेजारीपाजारी आज "आम्हाला द्या" म्हणतात, पिल्लं झाली की फोन उचलत नाहीत. मडकं नसलं तर बहुतेक जोड्या अंडी घालतच नाहीत, तरी मजेत राहतात. जोडी आहे म्हणून पिल्लं झालीच पाहिजेत, हे दुकानदाराचं गणित.

भुसावळ_यार्ड
अप्पा, किती घाबरवता हो! आमच्या गॅलरीत पिल्लं निघाली तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. पाच-सहा दिवसांच्या अंड्यामागे मोबाइलची बॅटरी धरा, आत लाल शिरांचं जाळं दिसतं. पोरीला ते बघू द्या, शाळेच्या पुस्तकात मिळायचं नाही. फक्त मडक्याच्या तळाला लाकडाचा भुसा टाका, नाहीतर गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात.

चोपड्याचे अप्पा
भुशाचं खरं आहे. पण भो, शेवटच्या पिल्लाचंही सांग ना. पहिल्यात आणि शेवटच्यात आठवडाभराचं अंतर, मोठी त्याला तुडवतात, चाराही त्यांच्याच तोंडात. ते मेलेलं पोरीने बघितलं की रात्री समजूत कोण घालणार?

धुळे_देवपूर
आमना घरमा बी आसंच व्हयनं. आता नुसती जोडी ठेवलीये. आणि उरलेली पिल्लं "मोकळं आकाश" म्हणून उडवून देऊ नका, ऑस्ट्रेलियातलं पाखरू आहे. कावळे सोडत नाहीत.

अमळनेरवाला
बरं, मडकं रद्द. पोरीला दसऱ्याचा वायदा केलाय, बघू. तोवर खायला नुसती राळा-बाजरी पुरेल का?

चोपड्याचे अप्पा
नाही पुरत. मेथी, कोथिंबीर धुऊन द्या, आणि फवारणी नसलेलं बाजरीचं कोवळं कणीस मिळालं तर टांगा, दोघं तुटून पडतात. समुद्रफेस, म्हणजे कॅल्शियमसाठी कुरतडायला लावतात ते समुद्री जिवाचं पांढरं हाड, कायम पिंजऱ्यात हवा, पिल्लं करा न करा. काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो. खारट असतो, पाण्यात भिजवून, वाळवून मग लावा.