ब्रेस्ट रिडक्शननंतर खालचा टाका उघडलाय, कोणाला अनुभव आहे का? (मदत हवी आहे)

निशिगंधा_नाशिक
पटकन उत्तर हवंय म्हणून थोडक्यात लिहिते. उभा आणि आडवा छेद खाली जिथे मिळतात तिथे डावीकडे उघडलंय. आधी बारीकसं होतं, आता करंगळीच्या नखाएवढं झालंय. आत पिवळसर दिसतं, गॉज ओला होतो. आमचे सर्जन बाहेरगावी आहेत, सोमवारी येणार. त्यांच्या असिस्टंटना फोटो पाठवला तर "होतं असं, ड्रेसिंग चालू ठेवा" एवढंच उत्तर आलं. होतं म्हणजे काय? परत टाके घालतात का? मला पुढच्या आठवड्यात ऑफिस जॉइन करायचंय.
आणि एका निपलला काहीच कळत नाही, दुसऱ्याला टॉवेल लागला तरी करंट बसतो. हे असंच राहणार का?
ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा प्लीज. "का केलंस" हे कृपया विचारू नका.

अबोली_के
ऑपरेशन कधी झालं? वय किती? शुगर, थायरॉईड? मिश्री-तंबाखू? ताप आहे का, वास येतो का, आजूबाजूला लाल-गरम आहे का? हे काहीच लिहिलेलं नाही. परवा झालं असेल तर गोष्ट वेगळी आणि तीन महिने झाले असतील तर वेगळी.

धुळेकर
आमच्या हिचं सीझर झालं तेव्हा टाका पिकला होता. आईने जुन्या तुपात हळद कालवून लावली, आठवड्यात सुकला. हळद आंबेहळद नको, साधीच, घरी कुटलेली. करून बघा.

भूलतज्ज्ञ
धुळेकर, तुमच्या घरी बरं वाटलं हे चांगलंच, पण उघड्या जखमेवर तूप-हळद कृपया कोणालाही सुचवू नका. निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट आत गेली की जंतुसंसर्गाला वाट मिळते. हायड्रोजन पेरॉक्साईडही नको. तो फेसाळतो म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं, पण नव्याने येणारी नाजूक पेशीही जळते.
निशिगंधा, अबोलीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधी द्या.

धुळेकर
आमच्या तीन पिढ्या हळदीवर वाढल्या. असो. ताईंना लवकर बरं वाटो.

निशिगंधा_नाशिक
तिसरा आठवडा चालू आहे. वय ४१. शुगर नाही, थायरॉईडची गोळी आहे. तंबाखू कधीच नाही. ताप नाही, वास नाही. लाली फक्त कडेला, पसरत नाहीये. उजवीकडून सहाशे ग्रॅमच्या वर काढलं, डावीकडून थोडं कमी. निघालेला भाग तपासायला गेला होता, रिपोर्ट नॉर्मल आला. आता सांगा ना कोणीतरी, सोमवारपर्यंत थांबू की आजच दुसऱ्या कोणाकडे जाऊ?

रानजाई
मी दोन वर्षांपूर्वी करून घेतलं, ठाण्यात. जहाजाच्या नांगरासारखा तोच छेद, आणि माझंही अगदी तिथेच उघडलं होतं, दोन्हीकडे. त्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी कातडी ओढली जाते आणि रक्तपुरवठा तिथे सगळ्यात कमी पोचतो, असं माझ्या सर्जननी कागदावर आकृती काढून समजावलं होतं. ही सगळ्यात नेहमीची छोटी अडचण आहे म्हणाले. परत टाके घातले नाहीत. रोज सलाईनने धुवायचं, न चिकटणारी जाळीची पट्टी, वर गॉज. आतला पिवळा थर म्हणजे पूच असतो असं नाही, तो हळूहळू सुटतो आणि खालून लालसर, दाणेदार मांस भरत येतं. वेळ लागतो. काही आठवडे लागले. आता तिथे जरा रुंद व्रण आहे, आणि तो माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही.

एक विचारते. सर्जिकल ब्राची खालची पट्टी नेमकी कुठे येते? अंगातली काढून आरशात बघ, कातडीवर तिचा वळ कुठे उठलाय ते.

योगप्रेमी
निशिगंधाताईंना उद्देशून नाही, पण इथे वाचणाऱ्या मुलींसाठी लिहितो. शस्त्रक्रियेची घाई करू नये. सूर्यनमस्कार, भुजंगासन आणि आहारावर नियंत्रण ठेवलं तर शरीर आपोआप आटोक्यात येतं. माझ्या बहिणीने सहा महिन्यांत बारा किलो कमी केले.

प्राजक्ता_म
योगप्रेमी, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की का केलं ते विचारू नका. तुमच्या बहिणीचं कौतुक, पण प्रत्येकीत चरबी किती आणि ग्रंथी किती हे वेगळं असतं. माझं वजन ५२ किलो होतं, तरी खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा होत्या, बोट बसेल अशा. उन्हाळ्यात छातीखालच्या घडीत कातडी सोलून निघायची, मेमध्ये पावडरीचे डबे संपायचे. भुजंगासनात पोटावर झोपताच येत नव्हतं मला. पोहायला जायचं तर कॉस्च्यूम मिळत नव्हता. व्यायाम करता यावा म्हणून ऑपरेशन करावं लागलं.

योगप्रेमी
मी कोणाला दुखावण्यासाठी लिहिलं नाही. वजन आधी कमी केलं तर ऑपरेशनचा निकालही चांगला लागतो, हे डॉक्टरही सांगतात.

भूलतज्ज्ञ
हे खरं आहे, वजन स्थिर झाल्यावर केलेलं बरं. भूल देतानाही सोपं जातं. पण ज्यांचं झालेलं आहे त्यांच्या धाग्यावर त्याचा उपयोग नाही.
निशिगंधा, तुम्ही लिहिलंय त्यावरून रानजाई म्हणतात तसंच वाटतं, पण फोटो न पाहता नक्की सांगता येणार नाही, आणि फोटो इथे टाकूही नका. हे होत नसेल तर सोमवारपर्यंत थांबायला हरकत दिसत नाही: ताप १०१ च्या आसपास किंवा वर, लाली तासागणिक पसरणं, दुर्गंधी किंवा दाट पू, एकच बाजू अचानक फुगून टणक होणं, निपल काळंनिळं पडणं. यातलं काहीही दिसलं तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या कॅज्युअल्टीत जा, सर्जन गावात असोत नसोत. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली तर क्षणभरही थांबू नका. तोवर घरातल्या घरात फिरत राहा, पलंगाला खिळून राहू नका.

लंडनची_सई
मीही करून घेतलंय, इथे एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) खूप खटपट करून. देशाच्या प्रत्येक भागात तिचे निकष वेगळे असतात, बऱ्याच जणींना नकारच येतो. मला व्रणांसाठी सिलिकॉनच्या पट्ट्यांनी जादू केली. आजच मागव, रात्रंदिवस लाव.

रानजाई
सई, पट्ट्या छानच असतात, पण जखम पूर्ण मिटल्यावर. उघड्यावर सिलिकॉन लावलं तर आत ओल कोंडेल.

लंडनची_सई
हो, मी बंद व्रणाबद्दलच म्हणत होते. वरच्या भागात तिचं बंद झालंच असेल ना. खालचं सोडून लावता येईल.

भूलतज्ज्ञ
तेही सर्जनना विचारूनच. व्रण वर्षभर, कधी दीड वर्ष रंग बदलत राहतो. दोन आठवडे उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

हिशेबनीस
विम्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी ही प्रमाणित वगळणूक आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेली शस्त्रक्रिया यांनाच सूट. नुसत्या मानदुखीवर क्लेम बसवणं कठीण. तरी ऑर्थो आणि त्वचारोगतज्ज्ञांचे जुने कागद, एक्स-रे, फिजिओच्या पावत्या सांभाळून ठेवा. आधी लेखी पूर्वमंजुरी मागा, तोंडी "होईल मॅडम" वर जाऊ नका.

निशिगंधा_नाशिक
मी खिशातून भरले, तो विषय संपला. @रानजाई, बघितलं. पट्टीचा वळ बरोब्बर घडीवर आहे, उघडलंय त्याच्यावरून जातो. बसलं की पट्टी वर सरकते आणि तिथेच घासते. हॉस्पिटलने दिलेली ब्रा आहे, अजून बदललेली नाही. सूज उतरली तशी ती सैल झालीये. ही काढून ठेवू का?

रानजाई
काढून नको ठेवूस, आधार हवाच. आता नीट बसेल अशी, रुंद पट्टीची, पुढून हुक किंवा चेन असलेली घे. पट्टी घडीच्या बोटभर खाली बसली पाहिजे. शिवण बाहेरच्या बाजूला असलेली बघ. तोवर पट्टी आणि कातडीच्या मध्ये मऊ मलमलची घडी घाल. असिस्टंटना आजच फोन करून "ब्रा घासते आहे" हे शब्द सांग. फोटोत ते दिसत नाही.

झोपताना पाठीमागे लोड आणि दोन्ही दंडांखाली उशी. रिक्षात बसलीस तर उशी छातीशी धर, खड्ड्यात जीव जातो. दोन-तीन किलोच्या वर काही उचलू नकोस, म्हणजे भरलेला कुकर नाही, पाण्याची बादली नाही, वरच्या फळीवरचा डबा नाही.

माई_गिरगाव
बाळा, वांगं, बटाटा, वाटाणा, हरभरा डाळ वर्ज्य. वातूळ. डिंकाचे लाडू खा, मुगाची खिचडी, रात्री दुधात खारीक. आमच्या काळी ऑपरेशनवालीला सव्वा महिना माजघराबाहेर येऊ देत नसत.

प्राजक्ता_म
माई, मूग आणि दूध छान. पण डाळी बंद करायला नकोत, जखम भरायला प्रोटीन लागतं. अंडी, पनीर, मासे जे चालत असेल ते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की छातीवर ताण येतो, म्हणून पाणी आणि इसबगोल.

नाव_नको
माझ्या २२ वर्षांच्या भावाला छातीचा त्रास आहे, म्हणजे मुलींसारखी वाढलीये. शर्ट काढत नाही, क्रिकेट सोडलं. हेच ऑपरेशन होतं का?

भूलतज्ज्ञ
त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. ऑपरेशन वेगळं आणि छेद लहान असतो. आधी औषधं आणि हार्मोन तपासावे लागतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

अबोली_के
निपलबद्दल कोणी काही सांगितलंच नाही तिला.

प्राजक्ता_म
खरंच की. मला सुरुवातीला डावीकडे काहीच कळायचं नाही. मग मुंग्या, मग तुझ्यासारखाच करंट. चौथ्या बरगडीच्या बाजूने येणारी नस तिथवर जाते, ती ऑपरेशनमध्ये ताणली जाते. करंट बसतोय म्हणजे ती जागी आहे. माझं वर्षभरात बरंच परत आलं, पूर्वीइतकं नाही. काहींना येतच नाही, ते ऑपरेशनआधी सांगायला हवं होतं त्यांनी. आधी सुती साडीचा तुकडा, मग टॉवेल असं रोज हलकेच फिरवत राहायचं, मला त्याने सवय झाली. तुझी जखम मिटेपर्यंत थांब मात्र.
बोटाला एखादी टणक गाठ लागली तर घाबरू नकोस, चरबीचा भाग मरून तशी गाठ होते. पण स्वतःच ठरवू नकोस, दाखव. आणि पुढे मॅमोग्राफी करशील तेव्हा हे ऑपरेशन झाल्याचं आवर्जून सांग.

निशिगंधा_नाशिक
आज सर्जनकडे जाऊन आले. टाके घालणार नाहीत. संसर्ग नाही. मेलेली कडा त्यांनी चिमट्याने उचलून कात्रीने कापली, मला कळलंसुद्धा नाही. रोज ड्रेसिंग, एक दिवसाआड तिथली सिस्टर बघणार. ब्रा बदलायला सांगितली, रुंद पट्टीची, रानजाईने लिहिलंय तशीच. ऑफिस अजून दोन आठवडे नाही, घरून काम चालेल.

एक अजून विचारायचंय. ते डॉक्टरांना विचारता आलं नाही. मान दुखायची थांबलीये. पहिल्या दिवशी उठून बसले तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी पाठ ताठ करून नुसती बसून होते. मग आता रडू का येतं? शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती उतरलीस, आजारी होतीस का?" सासूबाई म्हणाल्या, "बाईचं बाईपण असतं गं ते." नवरा काही बोलत नाही, पण बघतही नाही. मी अजून खांदे पुढे काढून, ओढणी दोन्हीकडून ओढून चालते. आता झाकायचंय काय?

रानजाई
मी वर्षभर तशीच चालत होते. तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून वाकून चालायची सवय, ती ऑपरेशनने कशी जाणार? फिजिओकडे जा, जखम मिटल्यावर. खांद्यांच्या पात्यांमधले स्नायू बसलेले असतात, त्यांचे व्यायाम मिळतील.
रडू मलाही यायचं. भूल, गोळ्या, झोप नाही, हात वर जात नाहीत, केस धुवायला दुसरी कोणीतरी लागते, या सगळ्याचं साचतं. दोन-तीन आठवड्यांनी कमी झालं नाही किंवा सकाळी उठावंसंच वाटेना तर समुपदेशकाकडे जा, त्यात वेगळं काही नाही.
नवऱ्याला सांग की बघ म्हणून. माझा घाबरला होता, हात लागला तर दुखेल म्हणून. एकदा ड्रेसिंगला बरोबर घेऊन गेले, सिस्टरने त्याच्याकडून पट्टी बदलून घेतली. त्यानंतर बोलायला लागला.
काकूंना काय सांगायचं ते तू ठरव. मी "खांद्याचं ऑपरेशन" सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

योगप्रेमी
ताई, पाठ ताठ ठेवण्यासाठी ताडासन सोपं आहे, पण हात वर न नेता, शरीराच्या बाजूला ठेवून. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

प्राजक्ता_म
हे मात्र पटलं.

लंडनची_सई
सर्जिकल ब्रा सोडून नेहमीच्या नवीन ब्रा आणि ब्लाउज आत्ता घेऊ नकोस. सूज उतरायला तीन महिने, पूर्ण आकार बसायला सहाच्या पुढेसुद्धा. मी पाचव्या आठवड्यात महागड्या घेतल्या, सगळ्या वाटून टाकाव्या लागल्या.

निशिगंधा_नाशिक
भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणजे साधारण चार महिने. पैठणीचा ब्लाउज आत्ताचा खांद्यातूनच गळतो. शिंप्याकडे कधी टाकू?

प्राजक्ता_म
लग्नाच्या तीन आठवडे आधी. त्याला सांग आत दोन्हीकडे इंचभर माया ठेव, कटोरी नको, प्रिन्सेस कट कर. हुक पुढून. खालची पट्टी घडीवर येऊ देऊ नकोस. माप सर्जिकल ब्रा घालून देऊ नकोस, ती छाती दाबते.

निशिगंधा_नाशिक
लिहून घेतलं. उद्या ड्रेसिंग आहे, जखम कशी दिसते ते इथेच कळवते.