डिसॅबिलिटी स्टडीजच्या ऑनलाइन आर्काइव्हमधलं साहित्य वाचनगटात कसं वापरावं?

पानोपानी:
नमस्कार मंडळी. आमचा छोटा वाचनगट आहे, यावेळी अपंगत्व चळवळीचा इतिहास घेतलाय आणि ऑनलाइन आर्काइव्हमधले जुने पेपर, पत्रकं, फोटो असं सगळं वाचायचं ठरलंय. गटातली एक मैत्रीण पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर) वापरते, आणि एकाला डिस्लेक्सिया आहे. बऱ्याच पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या आहेत, तिने उघडल्या की काहीच वाचलं जात नाही, म्हणजे विषय अपंगत्वाचा आणि तिलाच वाचता येत नाही, हे मला फार लागतं. त्या फाइल टेक्स्टमध्ये करून सगळ्यांसाठी ड्राइव्हवर टाकल्या तर चालेल का? आणि जुन्या संस्थांमधल्या लोकांचे फोटो आहेत, चेहरा दिसतो, काहींची नावंही आहेत, ते स्लाइडमध्ये घ्यावेत का?

ऐकूनवाचणारा:
मी रोज स्क्रीन रीडरवरच वाचतो म्हणून आधी फाइलचं सांगतो. पीडीएफमधली एखादी ओळ माऊसने सिलेक्ट होते का बघा, नाही झाली तर ते पान म्हणजे फक्त चित्र आहे, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचं टेक्स्ट, करावंच लागणार. विंडोज १० किंवा त्यापुढचं असेल तर एनव्हीडीए की आणि आर दाबून ओसीआर होतं, पण स्क्रीनवर जेवढं दिसतंय तेवढंच, अख्खा पेपर असा वाचणं म्हणजे नुसती दमछाक. त्यामुळे पूर्ण फाइल ओसीआर करून वर्डमध्ये घ्या आणि कोणीतरी मूळ पानाशी ताडून बघा. दोन कॉलमचं पान असेल तर डाव्या कॉलमची अर्धी ओळ आणि उजव्याची अर्धी ओळ एकत्र होते, तळटीप वाक्याच्या मधेच घुसते, वरचं शीर्षक प्रत्येक पानावर परत ऐकावं लागतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे जाणवत नाही, ऐकणाऱ्याचा धागा तिथेच तुटतो. मथळ्यांना हेडिंग स्टाइल द्या, नुसतं बोल्ड करू नका, कारण आम्ही हेडिंगवरून उड्या मारत वाचतो. आणि मूळ पान नंबर टेक्स्टमध्ये ठेवा! चर्चेत कोणी ‘पान १४ बघा’ म्हणालं की बाकीचे तिथे पोचतात आणि आम्ही शोधत बसतो. डिस्लेक्सिया असलेल्या मित्राला हीच फाइल चालू शकेल, फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर तो स्वतः बदलेल. पण काहीही करायच्या आधी दोघांना विचारा, कोणता फॉरमॅट हवाय ते त्यांनीच सांगायचं.

कपाटातली फाइल:
लायब्ररीत काम करते. आर्काइव्ह सगळ्यांना उघडं आहे म्हणजे त्यातलं काहीही परत अपलोड करायची मोकळीक आहे असं नसतं, कॉपीराइट बहुतेक वेळा लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडेच असतो. मात्र वाचता येईल अशी प्रत करण्यासाठी माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ मध्ये झाला, ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू. अंध, कमी दिसणारे, डिस्लेक्सियासारखी वाचनाची अडचण असणारे, शिवाय हातात पुस्तक धरता येत नाही असे लोकही त्यात येतात. म्हणजे तुमच्या त्या दोघांसाठी प्रत करणं याच हेतूत बसतं, पण आपल्या देशाचा कायदा आणि आर्काइव्हच्या अटी एकदा वाचून घ्या. बाकीच्यांना लिंक द्या, ड्राइव्हवर सगळ्यांसाठी टाकू नका. आणि दुरुस्त केलेली फाइल आर्काइव्हवाल्यांनाही पाठवून बघा, त्यांनी ठेवली तर पुढच्या अंध वाचकाला हीच मेहनत करावी लागणार नाही.

संदर्भ देताना साल नीट बघा. ब्रिटनमधल्या यूपीआयएएस या अपंगांच्याच संघटनेचं ‘फंडामेंटल प्रिन्सिपल्स ऑफ डिसॅबिलिटी’ घ्या, चर्चा झाली नोव्हेंबर १९७५ मध्ये, छापलं गेलं १९७६ मध्ये, लीड्स विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये आलं ते कितीतरी नंतर. अपलोडचं साल लिहिलं तर चळवळीचा क्रमच चुकतो.

सावकाश वाचा:
फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे. संस्थांमधले जुने फोटो बरेचदा डॉक्टरांसाठी, रेकॉर्डसाठी काढलेले असतात, समोरच्याला कोणी विचारलेलंच नसतं. नातेवाईक आजही हयात असू शकतात. चेहरा ब्लर करणं हाही उपाय वाटत नाही मला, कारण मग माणूस जातो आणि नुसतं शरीर उरतं, म्हणजे ज्या नजरेने फोटो काढला तीच नजर आपण पुढे नेतो. माहिती हवी असेल तर शब्दांत सांगा, नाव गाळा.

त्यापेक्षा जे लोक स्वतःहून पुढे आले ते दाखवा ना. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कलम ५०४ चे (सरकारी पैशावर चालणाऱ्या कामांत अपंगांशी भेदभाव नको सांगणारं अमेरिकी कायद्याचं कलम) नियम लागू करा म्हणून अपंग कार्यकर्ते सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले होते, २८ एप्रिलला नियमांवर सही झालीच. त्यांना जगाने बघायला हवंच होतं. किंवा पॉल हंट, स्वतः निवासी संस्थेत राहिलेले, त्यांचं १९७२ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये छापून आलेलं पत्र वाचा, त्यातूनच यूपीआयएएस उभी राहिली. हा आतल्या माणसाचा आवाज आहे. स्लाइडवर जे काही घ्याल त्याचं वर्णन मात्र तोंडी नक्की करा.

आणि जुन्या कागदांत आज खटकणारे शब्द असतील तर शीर्षकात, अवतरणात तसेच राहू द्या, गुपचूप बदलू नका. स्वतःच्या वाक्यात आजचे वापरा.

पानोपानी:
मनापासून आभार सगळ्यांचे. मैत्रिणीला विचारलं, तिला वर्ड फाइलच हवीय, हेडिंग आणि पान नंबरसकट. संस्थेतले फोटो काढून टाकतोय, १९७७ चं आंदोलन घेतोय. एक राहिलं, त्या आंदोलनाच्या व्हिडिओला कॅप्शन नसतील तर स्वतः करायचे की आधी आर्काइव्हला विचारायचं?

कपाटातली फाइल:
आधी विचारा, कधीकधी ट्रान्सक्रिप्ट त्यांच्याकडे तयार असतो, फक्त लावलेला नसतो.