चेन नवी टाकली तरी घसरतेय, मदत हवी आहे

मंडळी, एक सल्ला द्या. माझी एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, २७.५ इंची चाकं, पुढे ३ मागे ८ गिअर, चार वर्षं झाली घेऊन. रोज नाही पण शनिवार-रविवार बोरिवलीहून आरे, कधी येऊर, आणि पावसाळ्यात तर जास्तच (घरचे वेडा म्हणतात, म्हणू देत). राहतो खाडीजवळ त्यामुळे चेन पुसून तेल लावलं तरी दोन दिवसांत तांबूस होते.

गेल्या महिन्यात चेनची झीज गेजने मोजली तर ०.७५ टक्क्यांच्या पण पुढे गेलेली, म्हणजे बदलायलाच झालेली, म्हणून जवळच्या दुकानात नवीन चेन टाकून घेतली. आणि आता खरी गंमत, येऊरच्या चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागच्या छोट्या दोन-तीन दातेरी चकत्यांवर चेन खटकन उडते, परवा गुडघा हँडलवर आपटला. मोठ्या चकतीवर काही नाही. नीट बघितलं तर त्या छोट्यांचे दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेत. दुकानवाला म्हणतो डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदला, मला ते पटत नाही, गिअर तर व्यवस्थित पडतात.

तर फक्त कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलून भागेल ना? ११-३२ आहे (सगळ्यात छोट्या चकतीला ११ दात, मोठीला ३२), ११-३४ टाकली तर चेनची लांबी पुरेल का? चेनव्हिप (कॅसेट धरून ठेवायचं हत्यार) आणि लॉकरिंगचा (कॅसेट आवळणाऱ्या रिंगचा) पाना घेऊन घरीच करावं म्हणतोय, कोणी केलंय का? आणि पावसात चेनला वॅक्स (मेण) टिकतं की वेट ल्यूबच (ओल्यासाठीचं घट्ट तेल) बरं?