फ्रँचाइजी चित्रपट आणि जुने रेसलिंग शो गटानं पुन्हा पाहायचे आहेत: क्रम कसा लावावा?

तिसरा_दोर:

पाच जणांचा गट आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, साडेतीन तास. तिघं एका खोलीत बसतात, दोघं आपापल्या घरून ऑनलाइन. एका आठवड्यात एखाद्या फ्रँचाइजीतला चित्रपट, पुढच्या आठवड्यात जुना रेसलिंग शो, असं आलटून पालटून ठरवलं आहे. दोघांना १९८५ ते २००१ हा काळ पाठ आहे. बाकी तिघांना होगन आणि अंडरटेकर ही नावं माहीत आहेत, पुढे काही नाही.

रेसलमेनिया ४ (डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आताची डब्ल्यूडब्ल्यूई, या रेसलिंग कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा शो) पासून सुरुवात केली आणि नवे तिघं अर्ध्यातच कंटाळले. चित्रपटांच्या बाबतीत वाद क्रमावरून आहे: प्रदर्शनाच्या क्रमानं पाहायचे की कथेतल्या काळाच्या? शिवाय ऑनलाइन असलेल्या दोघांचं चित्र कधी पुढे, कधी मागे. जुन्या शोमध्ये माणसं फुगल्यासारखी दिसतात ते वेगळंच. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुनी_कॅसेट:

रेसलमेनिया ४ वर कोणीही कंटाळेल, त्यात नव्या मंडळींचा दोष नाही. २७ मार्च १९८८ चा तो शो म्हणजे रिकाम्या झालेल्या बेल्टसाठी, म्हणजे विजेतेपदासाठी, १४ जणांची स्पर्धा आणि एकूण १६ मॅचेस. बऱ्याचशा मॅचेस चार-पाच मिनिटांत उरकलेल्या, प्रेक्षक थंड, आणि कोण कोणाशी का लढतोय हे आधीचे महिने पाहिल्याशिवाय कळत नाही. माहीतगार माणूस त्यात रँडी सॅव्हेजची रात्रभराची वाटचाल पाहतो. नव्याला फक्त माणसं येताना-जाताना दिसतात.

सुरुवात रॉयल रंबल १९९२ नं करा, तीही फक्त ३० जणांच्या मॅचनं. नियम एका वाक्यात सांगून होतो: दोघं सुरुवात करतात, साधारण दर दोन मिनिटांनी एक नवा आत येतो, वरच्या दोरावरून बाहेर जाऊन दोन्ही पाय जमिनीला टेकले की बाद. मॅच तासाभराची आहे. त्या वर्षी शेवटी उरणाऱ्याला थेट रिकामा बेल्ट मिळणार होता, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून महत्त्व आहे. १ ते ३० अशा चिठ्ठ्या करा, पाच जणांना प्रत्येकी सहा येतात. ज्यांना निकाल ठाऊक आहे त्या दोघांनी चिठ्ठ्या उचलू नयेत, नाहीतर त्यांचे चेहरेच सगळं सांगतील. मग तिघांना दहा-दहा. गोरिला मन्सून आणि बॉबी हीनन यांची कॉमेंट्री बंद करू नका, अर्धी मॅच तिच्यात आहे. विजेत्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. धागा नवे तिघंही वाचत असतील.

एक तास जास्त वाटला तर १९९५ चा रंबल घ्या. त्यात दर मिनिटाला नवा माणूस येतो, चाळीस मिनिटांच्या आत सगळं संपतं. पण माणसांची फळी १९९२ इतकी तगडी नाही.

आता मुख्य मुद्दा. मोठा शो हा गोष्टीचा शेवट असतो. गोष्ट त्याआधीच्या टीव्हीवरच्या आठवड्यांत घडलेली असते. ती न दाखवता थेट शो लावला की उरतात दोन घामेजलेली माणसं. रेसलमेनिया ३ (२९ मार्च १९८७, पॉन्टिअक सिल्व्हरडोम) घ्या. त्याआधी दोनच गोष्टी दाखवा: १९८७ च्या सुरुवातीचे पायपर्स पिटचे (रेसलर रॉडी पायपरचा शोमधला मुलाखतींचा कार्यक्रम) भाग, ज्यात महाकाय रेसलर आंद्रे होगनच्या गळ्यातला क्रॉस तोडतो, आणि १९८६ च्या शेवटी सॅव्हेजनं रिंगच्या घंटेनं स्टीमबोटचा गळा जायबंदी केला तो प्रसंग. एकूण पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर सॅव्हेज-स्टीमबोट ही साडेचौदा मिनिटांची मॅच लावा. नवा माणूसही पुढे सरकून बसतो, कारण स्टीमबोट गळा का सांभाळतोय हे त्याला कळतं. होगन-आंद्रे मात्र संथ आहे. आंद्रेची पाठ तेव्हा फार खराब होती आणि मॅच त्याच्या मर्यादांभोवती बांधलेली आहे. हे आधी सांगितलं तर तीच बारा मिनिटं वेगळी दिसतात.

आणि फक्त गाजलेल्या मॅचेस वेचून एकामागून एक लावू नका. प्रेक्षकांना पेटवणाऱ्या मॅचनंतर एखादी हलकी मॅच ठेवतात ती लोकांना दम खाऊ देण्यासाठी. ती कापली की पुढची मोठी मॅच थकलेल्या डोळ्यांनी पाहिली जाते. तीन भारी मॅचेसमागे एक हलकी राहू द्या.

दुसरं_रीळ:

चित्रपटांबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा पाहणारा गटात एक जरी असेल तर प्रदर्शनाचा क्रम. मालिका बनवणाऱ्यांनी प्रत्येक भागात प्रेक्षकाला किती माहीत आहे हे धरून पुढचा भाग लिहिलेला असतो. फास्ट अँड फ्युरियसमध्ये हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. २००६ चा टोकियो ड्रिफ्ट हा तिसरा भाग, पण कथेत तो २०१३ च्या सहाव्या भागानंतर येतो. कालक्रमाच्या हट्टानं त्याला मागे ढकललं, तर सहाव्याच्या श्रेयनामावलीतला प्रसंग कळतच नाही, कारण तो टोकियो ड्रिफ्ट पाहिलेल्यांसाठीच आहे. स्टार वॉर्सचंही तसंच, १९७७, १९८०, १९८३ आणि मग १९९९ पासूनचे. तिथे आवृत्तीही आधी ठरवा. १९९७ मध्ये जुन्या तिन्ही भागांत नवे प्रसंग आणि नवी चित्रं घातली गेली, नंतर डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या वेळी आणखी बदल झाले. गटात मूळ आवृत्ती लक्षात असलेला कोणी असेल तर त्यानं आपलं म्हणणं सुरू करण्यापूर्वी सांगावं, चित्रपट थांबवून नव्हे.

पण चित्रपट आणि रेसलिंग वेगवेगळ्या आठवड्यांत कशाला? जोडता येतील तिथे जोडा. रॉकी ३ (१९८२) मध्ये हल्क होगन आणि मिस्टर टी दोघंही आहेत. ३१ मार्च १९८५ ला पहिल्या रेसलमेनियाच्या शेवटच्या मॅचमध्ये हेच दोघं एका बाजूला, समोर रॉडी पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ. चित्रपट शंभर मिनिटांचा आहे. पंधरा मिनिटं मध्यंतर. मग फेब्रुवारी १९८५ मध्ये एमटीव्हीवर झालेल्या होगन-पायपर मॅचचा शेवट दाखवा, कारण मिस्टर टी या भांडणात तिथेच ओढला गेला. त्यानंतर रेसलमेनियातल्या चार मॅचेस पुरेत: किंग काँग बंडीची पहिली झटपट मॅच (घोषणा ९ सेकंदांची होते, घड्याळ लावून पाहा, जास्त भरतात), आंद्रे आणि बिग जॉन स्टडची बॉडीस्लॅमची पैज, वेंडी रिक्टर-लेलानी काय, आणि शेवटची. सगळं तीन तासांच्या थोडं पुढे जातं. त्या रात्री बहुतेकांनी तो शो घरी टीव्हीवर पाहिलाच नव्हता, सभागृहांतल्या मोठ्या पडद्यांवर तिकीट काढून पाहिला होता, हेही सांगा.

अशीच छोटी जोडी म्हणजे रोबोकॉप २ आणि १९ मे १९९० चा कॅपिटल कॉम्बॅट, डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या रेसलिंग कंपनीचा शो. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी रोबोकॉप खरोखर स्टिंग या रेसलरच्या मदतीला येतो. तेवढी काही मिनिटंच पाहा. बाँड मालिका घेतलीत तर गोल्डफिंगरमधला ऑडजॉब पाहताना लक्षात ठेवा, हॅरॉल्ड साकाता हा १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचं रौप्य मिळवलेला आणि नंतर व्यावसायिक रेसलर झालेला माणूस. त्याच्या हालचालीत ते दिसतं.

वायर_जोडा:

तांत्रिक भाग. आधी चित्र मागे-पुढे होण्याचं निदान करा, कारण तीन वेगळे रोग एकाच नावानं ओळखले जातात.

फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल, तर चूक सुरुवातीच्या क्षणात आहे. ०:०० वर सगळ्यांनी एकदम बटण दाबण्यात अर्थ नाही, कारण कोणाला जाहिरात लागते, कोणाला आधी कंपनीचं बोधचिन्ह. एक ठळक दृश्य ठरवा, उदाहरणार्थ शीर्षक पडद्यावर येतं ती फ्रेम. सगळ्यांनी तिथे थांबावं आणि एकानं तीन-दोन-एक म्हणावं.

फरक हळूहळू वाढत असेल तर कोणाकडे तरी पाल पद्धतीची (युरोप-भारतातली जुनी टीव्ही पद्धत) प्रत आहे. २४ फ्रेमचा चित्रपट तिथे सेकंदाला २५ फ्रेमनं धावतो, म्हणजे दर २४ मिनिटांना एक मिनिट पुढे. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मध्ये संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. स्वतःच्या मालकीची डिस्क किंवा फाइल असेल तर त्या प्रतीचा वेग ०.९६ करा आणि उरलेला काही सेकंदांचा फरक मध्यंतरात जुळवा. फरक एखाद्या प्रसंगात अचानक उडी मारत असेल, तर दोन प्रती वेगळ्या काटछाटीच्या आहेत. त्यावर एकच आवृत्ती घेणं हाच इलाज. स्क्रीन शेअर करून वेळ वाचवू म्हणाल तर बहुतेक स्ट्रीमिंग सेवांवर समोरच्याला काळा पडदा दिसतो. ती प्रतिबंधाची व्यवस्थाच आहे, तुमच्या जोडणीत बिघाड नाही.

घुमणारा आवाज: खोलीत एकच माइक सुरू ठेवा, तो टीव्हीच्या स्पीकरच्या मागे, माणसांकडे तोंड करून. घरून बसलेल्यांनी हेडफोन लावावेत, शक्यतो वायरचे. साध्या ब्लूटूथमध्ये पाव सेकंदापर्यंत उशीर होऊ शकतो.

माणसं फुगण्याचं कारण: २००८ च्या आधीचे डब्ल्यूडब्ल्यूएफ-डब्ल्यूडब्ल्यूईचे शो ४:३ आकारात चित्रित झालेत. तुमचा टीव्ही ते १६:९ मध्ये ताणतो, म्हणजे रुंदी एक तृतीयांशानं वाढते आणि उंची तेवढीच राहते. आंद्रेच्या उंचीचा सगळा दरारा त्यात जातो. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, चित्र पडद्याच्या तीन चतुर्थांश रुंदीत बसेल, तेच बरोबर. ‘झूम’ नको, त्यात वरचा-खालचा मिळून पाव भाग कापला जातो आणि नावांच्या पट्ट्या जातात.

जुन्या टेपवरचं किंवा डीव्हीडीवरचं चित्र हलताना कडांना दाते दिसत असतील तर ते इंटरलेसिंग, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असणं. व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस सुरू करून ‘याडिफ २एक्स’ निवडा. नुसतं याडिफ निवडलं तर सेकंदाला ३० चित्रं मिळतात, २एक्समध्ये ६०, आणि दोरावरून मारलेली उडी तुटक न दिसता सलग दिसते. चित्रपटाच्या रात्री मात्र टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंदच हवं.

काही शोमध्ये खेळाडू येताना ओळखीच्या संगीताऐवजी भलतंच वाजतं आणि गर्दीचा आवाज दबतो. संगीताचे हक्क नसले की ते बदलतात, पण मूळ ध्वनीत संगीत, गर्दी आणि कॉमेंट्री एकत्र मिसळलेली असते, म्हणून एक काढताना बाकीचंही खरवडलं जातं. इसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीच्या शोना याचा सर्वाधिक फटका बसला आहे. पडद्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफचं बोधचिन्ह धूसर केलेलं दिसलं तर ती प्रत २००२ ते २०१२ दरम्यानची असण्याची शक्यता मोठी. त्याच आद्याक्षरांच्या वन्यजीव संस्थेबरोबरच्या वादानंतर ते झाकावं लागत होतं, २०१२ च्या तडजोडीनंतर जुनं चित्रण पुन्हा मोकळं झालं.

तिसरा_दोर:

आकार लगेच बदलला, फरक मोठा आहे. आता मॉन्ट्रियलपर्यंत, म्हणजे तिथे झालेल्या १९९७ च्या सर्व्हायव्हर सिरीजच्या वादग्रस्त शेवटापर्यंत, कसं पोहोचावं? आणि नव्यांसमोर न लावावं असं काही आहे का?

जुनी_कॅसेट:

मॉन्ट्रियलसाठी तीन मॅचेस, तीन बैठकांत. रेसलमेनिया १३ (२३ मार्च १९९७) मधली ब्रेट हार्ट-स्टीव्ह ऑस्टिन, जिच्यात प्रेक्षकांची सहानुभूती एका मॅचमध्ये बाजू बदलते. मग समरस्लॅम १९९७ ची ब्रेट-अंडरटेकर, जिथे शॉन मायकल्स पंच आहे. मग ९ नोव्हेंबर १९९७ चा सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेटवर त्या काळात चित्रित झालेला माहितीपट नंतरच दाखवा. प्रक्षेपण अचानक तुटतं आणि काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं, तो गोंधळ नव्यांनाही मिळाला पाहिजे. प्रक्षेपण संपल्यावर रिंगमध्ये काय झालं ते माहितीपटात आहे.

रिमोट निकाल माहीत असलेल्याच्या हातात द्या आणि वेळेची पट्टी लपवा. दोन मिनिटं उरलेली दिसली की कोणताही पिन (खांदे टेकवून तीनपर्यंत मोजणं) खरा ठरणार हे कळतं. यादीतली छायाचित्रंही निकाल फोडतात, कारण बऱ्याचदा विजेता बेल्टसकट छापलेला असतो.

दुसरं_रीळ:

न लावण्याबद्दल. ओव्हर द एज (२३ मे १९९९) हा शो लावू नका. छतावरून खाली उतरवताना पडून ब्रेटचा भाऊ ओवेन हार्टचा त्या रात्री मृत्यू झाला आणि शो पुढे सुरू ठेवला गेला. अपघात प्रक्षेपणात दिसला नव्हता, पण पुढची प्रत्येक मॅच पाहणं जड जातं. रेसलर क्रिस बेन्वाच्या मॅचेसबद्दल गटात आधी विचारा. जून २००७ मध्ये त्यानं पत्नीची आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली. एकालाही नको असेल तर विषय तिथेच संपवा. रॉयल रंबल १९९९ च्या रॉक-मॅनकाइंड मॅचमध्ये हात बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर एकापाठोपाठ एक खुर्च्या बसतात. मेंदूच्या दुखापतींबद्दल आज जे ठाऊक आहे त्यानंतर ते पाहवत नाही, आणि नव्यांना आधी सांगितल्याशिवाय लावू नये.

ओवेन हार्ट पाहायचा असेल तर रेसलमेनिया १० (२० मार्च १९९४) ची पहिलीच मॅच, भावाविरुद्ध. त्याच शोमध्ये पुढे रेझर रमोन आणि शॉन मायकल्सची शिडीची मॅच आहे. दोन्ही मिळून चाळीसेक मिनिटं होतात, मधल्यांपैकी एखादी हलकी राहू द्या.